विश्लेषण : कंपोस्ट की रासायनिक खत? टोमॅटोचा हा हिशेब कार्व्हर यांनी कसा मांडला?

टोमॅटोची लागवड करायची म्हटली की रोपांच्या आधी खताचा हिशेब मांडावा लागतो. शेणखत किंवा कंपोस्टच्या ट्रॉल्या किती आणि युरिया, डीएपी, पोटॅशच्या गोण्या किती? गच्चीवर दहा कुंड्या लावणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो, फक्त त्याचे माप गोणीऐवजी मूठ असते. उत्तरे मात्र बहुधा दोन टोकांची मिळतात. कोणी रासायनिक खताला विष ठरवतो, तर कोणी कंपोस्टला हौस म्हणून बाजूला सारतो. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका कृषिशास्त्रज्ञाने हा प्रश्न शेतकऱ्याच्या खिशाच्या बाजूने हाताळला. त्यांचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. कार्व्हर म्हटले की आपल्याला भुईमूग आठवतो. पण भुईमुगाच्या आधी त्यांनी हात घातला तो मातीला.

कार्व्हर कोण होते?

कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील डायमंड या गावाजवळ, यादवी युद्धाच्या धामधुमीत, साधारण १८६४च्या सुमारास झाला. त्यांची आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याची गुलाम होती. गुलामांच्या मुलांच्या जन्माची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटत नसे, त्यामुळे नेमकी तारीख कोणालाच ठाऊक नाही. तान्ह्या जॉर्जला आणि त्याच्या आईला लुटारूंनी पळवून नेले. बाळ परत मिळाले, त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला असे सांगितले जाते. आई मात्र कधीच सापडली नाही. गुलामगिरी संपल्यावर मोझेस आणि सुझन कार्व्हर या दाम्पत्याने जॉर्ज आणि त्याच्या भावाला सांभाळले. प्रकृतीने नाजूक असल्याने जॉर्जच्या वाट्याला शेतातल्या कष्टाऐवजी घरकाम आणि परसबाग आली. आजारी झाडांवर उपचार करणारा मुलगा म्हणून आसपासचे लोक त्याला ओळखू लागले.

शाळेसाठी त्याला घर सोडावे लागले. नंतरची कित्येक वर्षे कपडे धुणे, इस्त्री, स्वयंपाक अशी कामे करत त्याने गावोगावी शिक्षण घेतले. कॅन्ससमधील हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला, पण प्रत्यक्ष पोहोचल्यावर वर्ण पाहून नाकारला. काही काळ त्यांनी कॅन्ससच्या माळरानावर मातीच्या ढेकळांचे घर बांधून स्वतःची शेतीही केली.

चित्रकार होता होता शेतीकडे कसे वळले?

१८९०मध्ये कार्व्हर यांना आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तो चित्रकला आणि संगीत शिकण्यासाठी. त्यांची फुलापानांची चित्रे पाहून चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांना वनस्पतिशास्त्र घेण्याचा सल्ला दिला. १८९१मध्ये ते एम्स येथील आयोवा कृषी महाविद्यालयात दाखल झाले. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय अध्यापकही ठरले. लुई पॅमल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी बुरशी आणि वनस्पतींचे रोग यांचा अभ्यास केला. १८९४मध्ये पदवी आणि १८९६मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. आयोवाची काळीभोर, सकस जमीन, सुसज्ज प्रयोगशाळा आणि मान देणारे सहकारी असे सारे तिथे होते. ते सोडून त्याच वर्षी ते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या संस्थेत कृषी विभागप्रमुख म्हणून गेले.

टस्कीगीच्या जमिनीची अवस्था कशी होती?

आयोवाच्या तुलनेत अलाबामाची जमीन म्हणजे दुसरे टोक होते. वर्षानुवर्षे कापसामागून कापूस घेतल्याने मातीतील सेंद्रिय अंश संपत आला होता. कापूस काढल्यावर जमीन उघडी पडे आणि जोरदार पाऊस वरचा थर वाहून नेई. टस्कीगी ज्या मॅकन काउंटीत आहे, तेथील शेतांमध्ये ठिकठिकाणी घळी पडल्या होत्या. संस्थेने कृषी प्रयोगांसाठी दिलेला तुकडाही असाच खंगलेला होता.

अलाबामाच्या विधिमंडळाने १८९७मध्ये या प्रयोगकेंद्राला मान्यता दिली, पण वार्षिक तरतूद होती अवघी १५०० डॉलर. प्रयोगशाळेची उपकरणे उकिरड्यावरच्या बाटल्या, भांडी आणि मोडक्या वस्तूंपासून उभी करावी लागली. कार्व्हर यांनी प्रयोगक्षेत्रातल्या घळी पाइनच्या फांद्या, गवत, झाडांच्या साली, जुन्या पऱ्हाट्या आणि पालापाचोळा टाकून भरून घेतल्या. कुजून शेवटी ज्याची माती होईल असा कोणताही कचरा त्यांना चालत होता. त्यानंतर चवळीसारखी कडधान्ये घेतली. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींमधील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात, हे विज्ञान तेव्हा नवे होते. १८८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ते सिद्ध झाले होते. दहा वर्षांच्या आत कार्व्हर ते अलाबामाच्या निरक्षर शेतकऱ्याला शेतावर नेऊन दाखवत होते.

विकतचे खत आणि कर्ज यांचा संबंध काय होता?

गुलामगिरी संपली तरी जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे वाट्याने जमीन कसत. बियाणे, खत, मीठ, पीठ सारे हंगामाच्या सुरुवातीला उधारीवर घ्यायचे आणि कापूस आला की फेडायचे, अशी पद्धत होती. तारण असे ते उभे पीक. व्याजाचे दर जबर होते आणि हिशेबाची वही सावकाराकडे असे. शेतकऱ्याला बऱ्याचदा ती वाचताही येत नसे. पीक विकून उधारी फिटली नाही की उरलेले देणे पुढच्या वर्षाच्या माथी.

या वहीत खताचा आकडा मोठा होता. त्या काळी युरिया नव्हता. हवेतील नत्रापासून अमोनिया बनवणारा पहिला मोठा कारखाना जर्मनीत सुरू झाला तो १९१३मध्ये. तेव्हा मिळे ते सुपर फॉस्फेट, चिलीतून येणारे सोऱ्यासारखे नायट्रेट, जर्मनीच्या खाणींतील पोटॅश आणि समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासूनचे ग्वानो. अमेरिकेत अशा खतांचा सर्वाधिक खप दक्षिणेकडील कापूस पट्ट्यातच होता. जमीन जितकी खंगलेली, तितकी खताची गरज जास्त आणि तितकीच उधारीही जास्त. पाऊस लहरी निघाला किंवा कापसाचा भाव पडला की पीक जाई, पण गोणीचे पैसे मात्र चुकत नसत.

कार्व्हर आयोवाहून आले तेव्हा तेही त्या काळच्या इतर कृषिशास्त्रज्ञांसारखाच विचार करत होते. टस्कीगीतील सुरुवातीच्या काही प्रयोगांत त्यांनी विकतची खते वापरली आणि रताळ्याचे उत्पादन चांगले वाढल्याचे दाखवूनही दिले. पण शेतकऱ्यांच्या झोपड्यांमध्ये जाऊन बसू लागल्यावर त्यांच्या लक्षात आले, की प्रयोगक्षेत्रावरचे हे यश या माणसांच्या उपयोगाचे नाही. ज्याच्याकडे रोख पैसा नाही, त्याला खत विकत घ्यायला सांगणे म्हणजे त्याला पुन्हा सावकाराच्या दारात उभे करणे होते. पैसे न लागता जमीन कशी सुधारेल, हा त्यांच्या संशोधनाचा प्रश्न बनला, तो इथून.

त्यांची कंपोस्टची पद्धत काय होती?

मॅकन काउंटीत पैसा नव्हता, पण जंगल आणि दलदल भरपूर होती. जंगलातील कुजलेली पाने आणि दलदलीतला काळा गाळ कोणीही फुकट आणू शकत होते. कार्व्हर यांनी शेतकऱ्यांना गोठ्याजवळ लाकडांचे साधे कुंपण घालून जागा तयार करायला सांगितले. त्यात पालापाचोळा आणि गाळ यांचा थर, त्यावर शेणाचा थर, पुन्हा पाला, असे थर रचायचे. ढिगाचा माथा गोलसर ठेवायचा, म्हणजे पावसाचे पाणी आत मुरून सकस अंश वाहून जात नाही. हिवाळाभर ढीग कुजू द्यायचा आणि वसंतात शेतात टाकायचा. एकट्या शेणाने जेवढी जमीन भागली नसती, तेवढी पाल्याच्या जोडीने भागत असे.

हे ज्ञान पोहोचवण्यासाठी त्यांनी छोट्या पुस्तिका काढल्या. टस्कीगीच्या प्रयोगकेंद्राच्या अशा ४४ पुस्तिका निघाल्या. १९०५ची एक पुस्तिका झिजलेली जमीन पुन्हा कशी उभी करावी यावर आहे. जे वाचू शकत नव्हते त्यांच्यासाठी १९०६मध्ये घोड्यांनी ओढायची फिरती शाळा सुरू झाली. मॉरिस जेसप या दानशूर गृहस्थांच्या देणगीतून बनल्याने ती जेसप वॅगन म्हणून ओळखली गेली. अवजारे, बियाणे आणि प्रात्यक्षिके घेऊन ही गाडी थेट शेताच्या बांधावर जाई.

यात टोमॅटो कुठून आला?

कापसाच्या बोंडात घुसणारा सोंड्या भुंगा १९१०मध्ये अलाबामात शिरला आणि एका पिकावर जगण्यातला धोका उघड झाला. त्याचबरोबर या भागात आहाराचा प्रश्न बिकट होता. मालकाला हवा असे तो कापूस, त्यामुळे अनेक ठिकाणी तो झोपडीच्या दारापर्यंत लावला जाई. जेवणात मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. भाजीपाल्याचा अभाव असलेल्या अशा आहारामुळे पेलाग्रा हा रोग दक्षिणेत हजारो लोकांना ग्रासत होता.

एप्रिल १९१८मध्ये कार्व्हर यांनी टोमॅटो कसा पिकवावा आणि तो खाण्याचे ११५ प्रकार कोणते, यावर पुस्तिका काढली. त्याआधी १९१६मध्ये भुईमुगाच्या १०५ प्रकारांची पुस्तिका आली होती, तिचीच ही बहीण. लागवड आणि स्वयंपाक एकाच पुस्तिकेत ठेवण्यामागे कारण होते. पिकवलेले घरात खाल्ले गेले, टिकवले गेले, तरच दुकानाची उधारी कमी होणार होती. शिवाय परसातला टोमॅटो कापसासारखा सावकाराच्या वहीत अडकलेला नसे.

वेळही महत्त्वाची होती. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७मध्ये उतरली होती. जगाला पोटॅश पुरवणारा देश जर्मनी होता आणि युद्धामुळे तो पुरवठा थांबला. अमेरिकेत पोटॅशचे भाव कित्येक पटींनी वाढले. चिलीचे नायट्रेट स्फोटके बनवण्याकडे वळले. टोमॅटो हे पालाशाची मोठी भूक असलेले पीक. अशा काळात ज्याच्याकडे कुजवलेले खत आणि चुलीतली राख होती, त्याचा परसबागेतील टोमॅटो जर्मनीच्या खाणींवर अवलंबून नव्हता.

टोमॅटोला नेमके काय लागते?

टोमॅटोला नत्र लागते, पण ते वेळेवर आणि बेताने. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार, उंच आणि पानांनी गच्च होते, मात्र फुले आणि फळे कमी धरतात. सुरुवातीला मुळांच्या वाढीसाठी स्फुरद आणि फळधारणेनंतर पालाश महत्त्वाचे असते. फळाच्या बुडाशी पडणारा काळा, चामड्यासारखा डाग हा कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्याचे लक्षण असतो. बऱ्याचदा जमिनीत कॅल्शियम असते, पण पाणी कधी भरपूर आणि कधी अजिबात नाही, यामुळे ते झाडाला उचलता येत नाही. अमोनिया रूपातील नत्राचा अतिरेक हा त्रास वाढवतो.

इथे दोन्ही खतांचे स्वभाव समजून घ्यायला हवेत. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का असते. तेवढेच नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टनांहून अधिक खत लागेल आणि त्यातलेही सारे पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. गोणी स्वस्त आणि हलकी वाटते ती यामुळे. पण गोणी मातीला सेंद्रिय अंश देत नाही. कंपोस्ट माती भुसभुशीत ठेवते, पाणी धरून ठेवते, मुळांभोवतीचे जिवाणू जगवते. ओल टिकून राहिल्याने वरचा काळा डागही कमी होतो. शिवाय सेंद्रिय अंश असलेल्या जमिनीत रासायनिक खत वाहून न जाता मुळांजवळ जास्त काळ थांबते, म्हणजे विकत घेतलेल्या गोणीचा मोबदलाही कंपोस्टमुळेच वाढतो.

कंपोस्टला मर्यादाही आहेत. अर्धवट कुजलेले खत टाकले तर ते कुजवणारे जिवाणू आधी मातीतलेच नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. कच्च्या शेणाबरोबर हुमणी आणि तणाचे बी शेतात येते. ढीग वर्षभर उघड्यावर पावसात भिजला तर त्यातला कस आधीच निघून गेलेला असतो. ढिगाचा माथा गोल ठेवण्याचा कार्व्हर यांचा आग्रह त्यासाठीच होता.

मग कार्व्हर यांचा प्रयोग यशस्वी झाला का?

याचे उत्तर अर्धे होय, अर्धे नाही. ज्यांची स्वतःची जमीन होती, त्यातील अनेकांना त्यांच्या सल्ल्याचा फायदा झाला. वाटेकऱ्यांची गोष्ट वेगळी होती. पाला वाहणे, ढीग रचणे, तो शेतात पसरणे यात पैसा लागत नसला तरी घाम लागतो. कंपोस्टचा परिणाम दोन-तीन वर्षांत दिसू लागतो. पुढच्या वर्षी याच जमिनीवर आपण असू की नाही, याची खात्री नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या जमिनीत इतका घाम का गाळावा? सुधारलेल्या जमिनीचा वाटा मालकाने वाढवून मागितला तर त्याला विचारणारे कोणी नव्हते. कोणते पीक घ्यायचे हेदेखील मालकच ठरवत असे. मातीचा प्रश्न कार्व्हर यांना समजला होता, पण जमिनीच्या मालकीचा प्रश्न कंपोस्टच्या ढिगातून सुटणारा नव्हता.

दुसरीकडे त्यांच्याच राज्याच्या उत्तरेस, मसल शोल्स येथे युद्धकाळात स्फोटकांसाठी नायट्रेटचे कारखाने उभारले गेले. १९३३मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाल्यावर ती जागा रासायनिक खतांच्या संशोधनाचे मोठे केंद्र बनली. खत स्वस्त आणि मुबलक होत गेले. कार्व्हर मात्र १९३६मध्येही जमिनीची मूळची सुपीकता टिकवण्यावर नवी पुस्तिका लिहीत होते.

तोवर ते भुईमुगाचे जादूगार म्हणून देशभर गाजले होते. १९२१मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांनी भुईमुगाची बाजू मांडली आणि वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्या कौतुकात दंतकथाही मिसळल्या. पीनट बटरचा शोध त्यांनी लावला असे आजही सांगितले जाते, ते खरे नाही. त्यांच्या शेकडो पदार्थांपैकी बाजारात टिकलेले फार थोडे. या झगमगाटात पालापाचोळ्याचे त्यांचे काम मागे पडले. आयुष्यभराची बचत त्यांनी १९४०मध्ये संशोधन प्रतिष्ठानासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीतच त्यांचे निधन झाले. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना दफन करण्यात आले. त्याच वर्षी त्यांच्या जन्मस्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

आजच्या टोमॅटो उत्पादकाने यातून काय घ्यावे?

अलाबामाची पद्धत जशीच्या तशी नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या शिवारात चालणार नाही. तिथली माती हलकी, आम्लधर्मी आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळी, चुनखडीयुक्त. शिवाय आजचे संकरित टोमॅटो वाण एकरी इतके उत्पादन देतात, की त्यांची सारी भूक केवळ कंपोस्टवर भागवायची तर खताचे डोंगर लागतील. पण कार्व्हर यांनी घातलेला क्रम आजही लागू पडतो. आधी आपली माती ओळखायची, आज त्यासाठी माती परीक्षणाची सोय आहे. मग आपल्या शेतात, गोठ्यात, बांधावर फुकट काय आहे ते पाहायचे. पाला, काड आणि पिकाचे अवशेष जाळण्याऐवजी पूर्ण कुजवून लागवडीआधी मातीत मिसळायचे. फेरपालटीत एखादे कडधान्य बसवायचे. त्यानंतर जे कमी पडेल तेवढेच गोणीतून, एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार हप्त्याहप्त्याने द्यायचे.

टोमॅटोचा भाव कधी शंभरी गाठतो, तर कधी क्रेट रस्त्यावर ओतावे लागतात. भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो, खर्च काही प्रमाणात असतो. उधारीवर आणलेली प्रत्येक गोणी भाव पडला तरी फेडावीच लागते, बांधावरच्या पाल्याचे बिल मात्र कोणी पाठवत नाही. कार्व्हर यांनी खताच्या हिशेबात कर्जाचा रकाना जोडला होता. तो आपल्या वहीतही असायला हवा.